उपरण्याखालचा हात

चैत्र लागला की आमच्या जाफराबादेत पूर्णेच्या वाळूत कुणीतरी हलगी शेकायला बसतं. गोवऱ्या-काटक्यांचा लहानसा जाळ, त्यावर धरलेलं कातडं, आणि मधूनमधून बोटानं मारून पाहिलेला एखादा ठोका. आधी तो ठोका ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा बद्द येतो. मग कातडं तापतं, ताणतं, आवाज वर चढत जातो. आणि एकदम तो नदीवरून सुटतो आणि माणसाच्या छातीत येऊन वाजतो. गावातली पोरं पळत सुटतात. माझ्या उजव्या हाताची बोटं मात्र आपोआप मिटतात.

यंदाही मिटली. मी ओट्यावर बसलो होतो. बोटं उघडून मांडीवर पसरली आणि त्यांच्याकडे पाहत राहिलो. नखं पिवळी पडली आहेत, कातडी सैल झाली आहे. या बोटांनी आयुष्यभर बैलांचा धंदा केला. काही वर्षं एका माणसाचाही केला.

मी बैलबाजारातला दलाल. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका उपरण्याखाली जातो आणि तिथं बोटं बोलतात. बोट धरलं की आकडा, तळवा दाबला की कबूल. भोवती माणसं उभी असतात, बैलही उभा असतो, पण आत काय चाललं आहे ते त्या दोघांनाच ठाऊक. वरून तोंडानं आम्ही पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतो. भाव पटला नाही तर हात ओढून घ्यायचा, उपरणं झटकून खांद्यावर टाकायचं आणि चालू लागायचं. हे चालू लागणं म्हणजे नकार असतो असं नाही. पाठ फिरवली की मागून हाक येते, "अहो, या तर खरं." मग परत जायचं, परत हात घालायचा, आणि मघापेक्षा एक बोट जास्त मिळतं. पहिल्या भावाला हो म्हणेल तो दलाल कसला. माझ्या वडिलांनी मला हे बैलाचे दात बघायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं.

गेल्या पौषात गिरजाबाई गेली. कोंडिबा पैलवानाची बायको. तिचं दहावं झालं, सगळे घाट चढून वर गेले, आणि कोंडिबा तिथंच पायरीवर पाय लांब करून बसला. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही. मीही बसलो. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "नाना, आता कुणाला सांगायचं तर सांगा. जिला सांगायचं न्हवतं ती गेली."

म्हणून हे लिहितो आहे. एरवी मी लिहिणारा माणूस नाही.

*

कोंडिबा धावड्याचा. तिथल्या एका शेतकऱ्याचा सालगडी म्हणून तो बैलजोडी घेऊन आमच्या बाजारात आला होता, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. सौदा रेंगाळला होता. वाट पाहून कंटाळलेली गडीमाणसं नदीच्या वाळूत झोंबत होती, आणि हा एकामागून एकाला उचलून अलगद खाली ठेवत होता. आपटत नव्हता. धान्याचं पोतं फाटू नये म्हणून हमाल जसा हळू टेकवतो, तसा टेकवत होता. त्याच्या मालकाची बैलजोडी कुणी घेतली ते मला आज आठवत नाही. एवढंच आठवतं की मी त्याचे खांदे पाहिले, मान पाहिली, पोटऱ्या पाहिल्या, आणि बैल पाहतो तशाच पाहिल्या.

पुढची काही वर्षं कोंडिबाच्या कुस्त्या मी ठरवल्या. या कामाला आमच्याकडे नाव नाही. तालमीत शिकवतो तो वस्ताद, बाजारात भाव करतो तो दलाल. पण पैलवानाच्या वतीनं जत्रेच्या पंचांशी बोलायचं, त्याची जोड कुणाशी लावायची ते ठरवायचं, त्याची गाडी, मुक्काम, दूध बघायचं, आणि जिंकल्यावर त्याचा फेटा झोळीसारखा धरून लोकांतून फिरायचं, हे सगळं करणाऱ्याला काय म्हणायचं? लोक मला कोंडिबाचे नाना म्हणत. मला ते फार आवडायचं. बैलबाजारात माझ्यासारखे पुष्कळ होते. कुस्तीच्या फडात मी एकटा होतो.

आधीच एक सांगून टाकतो. मी त्याचा पैसा खाल्ला नाही. ठरलेला हिस्सा घेतला, खुराक आणि गाडीभाडं जाऊन उरलं ते गिरजाबाईच्या हातावर ठेवलं. कधीकधी वाटतं, खाल्ला असता तर बरं झालं असतं. खाल्लेला पैसा परत करता येतो.

त्या दिवसांचा वास अजून येतो. तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरलेलं असायचं. तो आंबूस, गार वास कोंडिबाच्या अंगाला, त्याच्या कांबळ्याला, आमच्या गाडीतल्या कडब्यालासुद्धा लागलेला असे. जत्रेला निघायचं असलं की मी आदल्या रात्री धावड्याला त्यांच्याकडेच मुक्कामी असायचो, आणि पहाटे गिरजाबाईचा पाटा वाजायचा. भिजवलेले बदाम वाटताना पाट्याचा आवाज चटणीच्या आवाजासारखा खरखरीत नसतो. तो मऊ असतो, ओला असतो. बदाम वाटून झाले की ती पाटा धुऊन ते पाणीही दुधात घालायची. स्वतः ठेचा-भाकरी खायची. एकदा मी म्हणालो, वहिनी, दोन बदाम तुम्हीही खा की. तर म्हणाली, "मला काय कुस्ती खेळायची का? खेळले तर पहिली यांच्यासंगंच खेळंन." मग पदरानं हात पुसत म्हणाली, "सवत परवडली असती नाना. ह्यो खुराक न्हाई परवडत."

कोंडिबा ऐकून घ्यायचा. त्याचे दोन्ही कान तोपर्यंत मोडले होते, पिळून वाळत घातलेल्या चिंधीसारखे. तो म्हणायचा, कानाचं बरं झालं, गिरजीचं अर्धंच आत पोचतं.

ज्या सालाबद्दल मला लिहायचं आहे त्या साली गिरजाबाई सारखी एकच गोष्ट म्हणत होती. कुठंतरी विहिरीचं पाणी असलेला तुकडा बघा. ती हे कोंडिबाला म्हणायची, आणि कोंडिबा नसला की मला. आम्ही जत्रेला निघालो की गाडीच्या चाकाशी उभी राहून म्हणायची. एकदा तिनं मला विचारलं, "नाना, जत्रा किती वर्सं ऱ्हात्यात हो माणसाला?"

मी हसून म्हणालो, जत्रा तर दरसाल येतात.

"जत्रा येत्यात," ती म्हणाली. "मी माणसाचं इचारलं."

बैलाचं वय मी दात बघून सांगतो. दोनदाती, चारदाती, सगळे दात आलेला जुळलेला, आणि दात झिजलेला. दात झिजलेला बैल कुणी घ्यायला आला तर मी स्वतः त्याला बजावतो, की बाबा, हा आता फार दिवस ओढणार नाही, हिशेब करून घे. धंद्यात माझं नाव राहिलं ते यामुळेच. कोंडिबाचं वय मी असं कधी पाहिलं नाही. तो पडत नव्हता, एवढं मला पुरत होतं. त्या साली मातीतून उठताना तो क्षणभर उजव्या हाताचा टेका घ्यायला लागला होता. ते मला दिसलं होतं. दिसलेलं मनावर घ्यायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.

*

त्या साली उन्हाळा लवकर तापला. ज्वारीची खळी उरकली होती, रानात नुसती धसकटं. पूर्णेत डोहाडोहांतून पाणी राहिलं होतं. आम्ही एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात होतो आणि गाडीच्या मागं मातीचा लोट सगळा दिवस उभा राहत होता. कोंडिबा कडब्यावर पडून झोपायचा. मोठ्या जोडीच्या आदल्या दिवशीही तो असा झोपायचा, की मला हेवा वाटावा. काळजी करायचं काम माझं होतं, असं त्यानं धरून टाकलं होतं.

त्याच फेरीत एका जागीरदाराच्या गावचा उरूस होता. दर्ग्यासमोर मलीद्याचा वास, अत्तरवाल्यांच्या पेट्या, हिरव्या चादरी. फड जागीरदारांच्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, मागच्या रानात घेतला होता. जागीरदारसाहेब स्वतः मंडपात बसले होते, हातात रेशमी रुमाल, आणि धूळ उडाली की तो नाकाला लावत. त्यांना कुस्तीचा नाद होता, पण ओरडणारा नाद नव्हता. ते नुसते पाहायचे.

शेवटची जोड कोंडिबाची. समोरचा पैलवान तरणा होता, उंच होता. कुस्ती फार वेळ चालली. हलगीवाला दमून लय सोडू लागला. ऊन इतकं होतं की दोघांच्या अंगाची माती ओली होऊन घसरत होती आणि पुन्हा वाळत होती. शेवटी कोंडिबानं त्याला बगलेत घेतलं, मांडीवर घेतलं, आणि पाठीवर असा ठेवला, की धूळसुद्धा उडाली नाही. मला वाळूतला तो पहिला दिवस आठवला. माणसं ओरडत आत धावली. मी फेटा पसरून फिरायला लागलो. आणि तेव्हा मी पाहिलं, की गर्दीनं उचलून धरलेला कोंडिबा हसत होता आणि एका हातानं गुडघा दाबत होता.

अंगाची माती धुवायला तो देवडीमागच्या मोटेच्या विहिरीवर गेला. मी फेटा सावरत होतो, तेवढ्यात जागीरदारांचे कारभारी आले. पांढरी दाढी, काळी शेरवानी, बोलणं हळू. त्यांनी मला मंडपाच्या कडेला नेलं. आजूबाजूला इतर पैलवानांची माणसं घुटमळत होती. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कारभाऱ्यांनी माझ्या उपरण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, आपल्याच पद्धतीनं बोलू.

उपरण्याखाली त्यांनी माझी चार बोटं धरली. दुसऱ्या हातानं त्या विहिरीकडची जमीन दाखवली. साहेबांना देवडीत तालीम घालायची होती. कोंडिबानं इथं येऊन राहावं, गावच्या पोरांना शिकवावं. जमीन त्याच्या नावानं करून देतील, दाणागोटा देवडीतून. अट एकच, फड सोडायचा. साहेबांचा वस्ताद जत्राजत्रांतून खेळत फिरणार नाही.

चार बोटं. चार एकर काळी जमीन, विहिरीच्या पाण्याची. गिरजाबाई ज्यासाठी गाडीच्या चाकाशी उभी राहत होती, ते तिथं माझ्या मुठीत होतं.

मी हात ओढून घेतला.

का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरं झिजून गेली आहेत. पुढच्या दोन जत्रांचं मी बोलून बसलो होतो, हे एक. फड सुटला की मी पुन्हा बाजारातला कुणीतरी होणार होतो, हे दुसरं, आणि हे लिहिताना लाज वाटते. पण या दोन्हींच्या आधी, काही विचार सुचायच्याही आधी, हात आपला निघून आला. पहिला भाव होता. पहिल्या भावाला हात निघतोच. चाराचे पाच होतील, जमिनीबरोबर एक बैलजोडी येईल, एवढं माझ्या बोटांनी माझ्या आधी ठरवून टाकलं. मी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागलो.

हाक आली नाही.

मी अत्तरवाल्यापाशी थांबलो. एक फाया कानाला लावून पाहिला. तिथून रेवड्यांच्या दुकानाशी गेलो. पाठ मंडपाकडे ठेवली होती, कारण मागं वळून पाहिलं की भाव पडतो. बाजारात मी असा पुष्कळदा उभा राहिलो आहे. हाक येण्याच्या आधी मानेच्या मागं एक शिरशिरी येते. त्या दिवशी शिरशिरी आली, हाक मात्र आली नाही. शेवटी वळून पाहिलं तर मंडप रिकामा होता आणि नोकर सतरंजी गुंडाळत होते.

आणि विहिरीकडून कोंडिबा येत होता. ओलं धोतर, ओले केस, खांद्यावर फेटा. चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. लंगडत होता, पण खुशीत होता. म्हणाला, पाणी लई गार हाय नाना, तुम्ही बी चार तांबे घ्या. मग माझ्याकडे नीट पाहून त्यानं विचारलं, "कारभारी काय म्हनत व्हते? काय ठरलं?"

मी म्हणालो, "न्हाई जमलं."

त्यानं मान हलवली. पुढच्या उरुसातल्या जोडीचं बोलणं असेल असं त्याला वाटलं. गाडीत चढला आणि झोपला.

काही दिवसांनी मी एकटाच त्या देवडीवर गेलो. कारभाऱ्यांनी बसवलं, पानाचा डबा पुढं केला. साहेबांनी बीडकडचा एक वस्ताद ठेवला होता, जुना, जाणता. मी अडखळत म्हणालो, मी नाही म्हटलं नव्हतं, आमच्यात तशी रीत असते. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. म्हणाले, "हात तो आपीच खेंच लिए थे, नानासाहब." आणि मग पानाला चुना लावत, "हम बैल नइं ले रहे थे."

*

गुडघा त्याच सालच्या शेवटच्या जत्रेत गेला. मिरगाच्या तोंडाशी, आभाळ भरून आलेलं असताना. आवाज मोठा नव्हता. ओलं लाकूड मोडतं तेवढाच. हलगी तरीही काही वेळ वाजत राहिली, कारण हलगीवाल्याला कळलंच नव्हतं.

हाडवैद्य झाले, लेप झाले, एका मौलवीनं दोराही बांधला. मोडलेला पैलवान कसा उतरतो ते मी तेव्हा जवळून पाहिलं. खुराक एका दिवसात बंद करता येतो. भूक नाही करता येत. दोन माणसांच्या भाकरी खाऊनही कोंडिबा टोपल्याकडे बघायचा आणि मग गिरजाबाईला दिसू नये म्हणून दाराबाहेर बघायचा. खांदे आधी गेले, मग मान. कान तेवढे तसेच राहिले. बदाम वाटायच्या पाट्यावर आता मिरच्या वाटल्या जायच्या, आणि धावड्याला गेलो असताना भल्या सकाळी तो खरखरीत आवाज ऐकला की मी त्यांच्या दारावरून पुढं निघून जायचो.

साठवलेलं दवापाण्यात गेलं. मग जुन्या जालन्यात एका आडत्याच्या दुकानी तो हमालीला लागला. मी कामानिमित्त गेलो की पेठेत त्याला शोधायचो. धान्याची धूळ, पोत्यांच्या थप्प्या, आणि त्यांच्यामधून पाय ओढत जाणारा कोंडिबा. आडत्या गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, आमच्याकडे कोण हमाल आहे बघा. मग कुणीतरी म्हणायचं, पैलवान, एकदा शड्डू ठोका की. पाठीवरचं पोतं खाली ठेवून कोंडिबा मांडीवर थाप मारायचा. आवाज अजून तसाच यायचा, सगळी गल्ली घुमायची. लोक हसायचे, कुणी तंबाखू द्यायचं. मी खांबाआड थांबून राहायचो. तो आवाज विरून तो पुन्हा पोतं उचलेपर्यंत मला पुढं होता येत नसे.

ज्याला सगळ्या मुलखानं खांद्यावर घेतलं, तो माणूस खाली उतरल्यावर कुठं जातो, हे गर्दीतलं कुणी विचारत नाही. गर्दीनं विचारावं असं मी म्हणत नाही. तिचं काम ओरडण्याचं. पण गर्दीत एक जण असा असतो, की ज्यानं ओरडायचं नसतं, पुढचं बघायचं असतं. तो मी होतो. मी फेटा घेऊन फिरत होतो.

गुडघ्यानं पोतीही सोडायला लावली तेव्हा मी दोघांना जाफराबादेला घेऊन आलो. माझ्या गोठ्याशेजारी एक खोली होती, ती दिली. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बैल फिरवून दाखवायचं काम कोंडिबाला दिलं. लोक म्हणू लागले, नानांनी पैलवानाला सांभाळलं. मी त्यांना बोलू देत होतो.

*

कोंडिबाला मी खरं सांगितलं ते असंच एका बाजाराच्या दुपारी. सौदे संपले होते, लिंबाखाली बैल रवंथ करत होते, कोंडिबा दावी सोडवून वळ्या करत होता. त्या दिवशी एका दलालानं हात काढून घेतला होता, चालू लागला होता, आणि त्याला मागून हाक आली होती. ती हाक ऐकून मला राहवेना. कोंडिबाला म्हणालो, बैस. आणि उरुसाचं सगळं सांगितलं, हात कुणी काढला इथपासून देवडीतल्या पानाच्या डब्यापर्यंत. त्यानं शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच सांगत होतो.

तो हातातलं दावं पिळत राहिला. मग विचारलं, "कोन्ती जमीन?"

"देवडीच्या मागची. विहिरीजवळची."

"बांधाला आंबा हाय, ती?"

"असेल. मला आठवत नाही."

"हाय आंबा," तो म्हणाला. "त्या दिशी त्याच विहिरीवर आंघूळ केल्ती मी."

त्यानं बैलाच्या अंगावरची माशी हाकलली. मग म्हणाला, "गिरजीला सांगू नका."

मी म्हणालो, तिला तर आधी सांगायला पाहिजे. पाया पडून सांगेन.

"ऐका माझं." त्याचा आवाज चढला नाही. "तुमाला सांगून मोकळं व्हायचं व्हतं, ते झाले तुमी. पन तिला वाटून ऱ्हायलं, नाना हाय तर आपल्याला म्हातारपनाची काळजी न्हाई. तुमच्या घरचं पीठ, तुमच्या घरची खोली. हे कळलं तर ती तुमचं पानी बी पिनार न्हाई. मंग कुठं जावं आमी? या पायानं?"

त्याच्या म्हातारपणाची सोय म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते मीच होतो. ते मोडायचा मला हक्क नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघं ते ओझं वाहू लागलो. मला वाटलं होतं वाटून घेतल्यानं हलकं होईल. तसं झालं नाही. पूर्वी मी गिरजाबाईसमोर एकटा गप्प बसायचो, आता दोघं बसायचो.

*

गेल्या चैत्रातली एक संध्याकाळ. त्यांच्या दारात मी खाटेवर बसलो होतो. कोंडिबा जोत्यावर पाय पसरून गुडघ्याला तेल लावत होता. गिरजाबाई थकली होती, पण ताक स्वतःच घुसळायची. तिनं मला पितळेच्या भांड्यात ताक दिलं आणि भिंतीला टेकून बसली. नदीकडून हलगी शेकल्याचे ठोके येत होते, अजून कच्चे.

ती ऐकत राहिली आणि मग कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाली, "येवढ्या जत्रा झाल्या. येवढे पाटील, देसमुख, जागीरदार. यांना कुनी कधी म्हनलंच न्हाई का, की इथं ऱ्हा, पोरान्ला शिकव, हा तुकडा घे?"

भांडं माझ्या ओठाशी होतं. ते तिथंच राहिलं.

"म्हनलं आसंल कुनीतरी," ती पुढं म्हणाली. माझ्याकडे वळली. "खरं सांगा नाना. यांनीच न्हाई म्हनलं आसंल. यांना त्या हलगीचं येड. लोकान्नी खांद्यावर घेतलं की यांना घर दिसायचं न्हाई, दार दिसायचं न्हाई. इतकी वर्सं माझ्या मनात हाय ते. मी बोलले न्हाई कधी."

म्हणजे इतकी वर्षं ती त्यालाच दोष देत आली होती. पीठ मळताना, लेप लावताना, जालन्यात त्याच्या पाठीवरचे पोत्याचे वळ शेकताना.

मी भांडं खाली ठेवलं. तोंड उघडलं. कोंडिबानं माझ्याकडे पाहिलं. फडात समोरच्याला नजरेनं जागेवर उभं करावं, तसं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या अंगात तेवढंच जुनं उरलं होतं.

"व्हय," तो तिला म्हणाला. "एका उरुसात म्हनले व्हते. मीच हात काढून घेतला."

गिरजाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच कपाळावर हात मारून घेतला, आणि मला वाटलं ती रडेल, पण ती हसली. दमलेलं, सुटल्यासारखं हसली. "बघा," ती मला म्हणाली. "मला ठाव व्हतं. तुमी कितीबी झाकलं यांचं, तरी मला ठाव व्हतं."

नदीवर हलगीचा ठोका वर चढला. कोंडिबा पुन्हा गुडघ्याला तेल चोळू लागला. गिरजाबाई भिंतीला धरून उठली, गाडगं घेऊन आली, आणि माझ्या अर्ध्या भांड्यात आणखी ताक ओतलं. म्हणाली, प्या नाना, तुमी हाय म्हनून निभावलं.

मी ते प्यालो.